जत्रेतली जागा आणि सॉफ्टवेअरचं माप

कार्तिकी एकादशी जवळ आली की खोपोलीकरांच्या नाकाला ते कॅलेंडरच्या आधी कळतं. साजगाव-ताकईच्या वाटेवर सुक्या मासळीचे ढीग लागतात. बोंबील, सुकट, जवळा, सोडे. त्याच वाटेनं टाळ वाजवत माणसं विठोबाच्या देवळाकडे जातात. एकादशीचा उपास आणि बोंबलांचा बाजार एकाच जत्रेत सुखानं नांदवणारा हा ‘बोंबल्या विठोबा’. तुकाराम महाराज मिरचीच्या व्यापारासाठी कोकणात उतरत आणि इथे येत, अशी आख्यायिका सांगतात. त्यामुळे या जागी भक्ती आणि बाजार पहिल्यापासून शेजारी-शेजारी बसलेले आहेत. पलीकडे बैलांचा बाजार, अलीकडे पाळणे, खेळणी, मिठाईची दुकानं.

आता एक कल्पना करू. समजा, या जत्रेतल्या दुकानांच्या जागा मोबाईल ॲपवरून द्यायच्या ठरल्या. (असं ॲप कुणी केलेलं नाही. या लेखापुरतं मीच ते उभं करतोय आणि मीच ते पाडणार आहे.) चार हुशार पोरं कामाला लागली. मैदानाचे सारख्या मापाचे चौकोन पाडले, प्रत्येकाला नंबर दिला, पैसे भरायची सोय केली. नियम एकदम न्याय्य: जो आधी अर्ज करेल त्याला आधी जागा. ॲप एकदाही बंद पडलं नाही. हिशेबात एक रुपयाची चूक निघाली नाही.

आणि जत्रेत गोंधळ उडाला. खोपोलीतल्या तरुण मंडळींनी पहिल्या दहा मिनिटांत मोक्याच्या जागा घेऊन टाकल्या. समुद्राकाठच्या गावांतून वर्षानुवर्षं येणाऱ्या मासळीवाल्या बायकांना अर्ज सुरू झाल्याचं कळलंच नव्हतं. पेढेवाल्याच्या शेजारी बोंबील आले. बैलांना पाळण्याच्या जनरेटरच्या बाजूची जागा मिळाली.

कोडं असं की प्रोग्रामची प्रत्येक ओळ बरोबर होती. मग चुकलं काय?

कापण्याआधीची चूक

शिंप्याचं उदाहरण घेऊ. टीप सरळ, काज नीट, कापड उत्तम, पण सदरा अंगात शिरत नाही. दोष सुईचा नाही, कात्रीचाही नाही. माप घेताना चूक झाली आणि पुढचं सगळं काम त्या चुकीशी प्रामाणिक राहिलं. सॉफ्टवेअरच्या धंद्यात माप घेण्याच्या या कामाला ‘रिक्वायरमेंट इंजिनिअरिंग’ म्हणतात. जे बनवायचं आहे ते नेमकं कुणासाठी, कशासाठी आणि कोणत्या अटींवर, हे शोधणं, तपासणं, लिहून काढणं आणि पुढे सांभाळणं, एवढा त्याचा पसारा. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांमध्ये दिवसातून पन्नास वेळा ऐकू येणारा ‘रिक्वायरमेंट’ हा शब्द त्यातूनच आलेला.

शिंप्याची तुलना मात्र इथवरच चालते. शिंप्यासमोर गिऱ्हाईक हात पसरून उभं असतं, आणि सदरा म्हणजे काय हे दोघांनाही ठाऊक असतं. सॉफ्टवेअरचं गिऱ्हाईक बहुतेक वेळा असं कापड पहिल्यांदाच अंगावर घालणार असतं. शिवाय एकाच सदऱ्यात दहा जणांना बसायचं असतं आणि त्या दहातले चार जण माप द्यायला आलेलेच नसतात.

हे शहाणपण या धंद्याला उशिरा आलं. १९६८ साली जर्मनीत गार्मिश इथे झालेल्या परिषदेनंतर ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हा शब्द रुळला. तेव्हाची चिंता होती ती वेळेवर न होणाऱ्या आणि बजेट ओलांडणाऱ्या प्रकल्पांची. १९८१ मध्ये बॅरी बोहम या अमेरिकन अभ्यासकानं आकडे मांडून दाखवलं की गरज समजून घेताना झालेली चूक तिथेच दुरुस्त केली तर स्वस्तात सुटते. तीच चूक सॉफ्टवेअर वापरात आल्यावर सापडली तर मोठ्या प्रकल्पांत खर्च शंभरपटीवरही जातो. लहान प्रकल्पांत ही पट बरीच कमी असते, हेही त्यानंच सांगितलं, पण भाषणांत ते सहसा कुणी सांगत नाही. पुढे १९८६ मध्ये फ्रेड ब्रूक्सनं एका गाजलेल्या निबंधात म्हटलं की सॉफ्टवेअर बनवण्यातला सर्वांत अवघड भाग म्हणजे काय बनवायचं हे नेमकं ठरवणं.

मावशी, गेल्या वर्षीचं सांगा

तर आपण पुन्हा मैदानावर जाऊ. या वेळी कोड लिहिण्याआधी. मासळीवाल्या मावशींपुढे वही घेऊन बसलो आणि नवशिक्यासारखा प्रश्न टाकला:

“मावशी, ॲपमध्ये तुम्हाला काय काय पाहिजे?”

“मला काय कळतंय त्यातलं? जागा पाहिजे.”

“कुठली?”

“नेहमीची.”

मुलाखत संपली. वहीत दोन शब्द. गरज शोधताना थेट ‘काय हवं’ असं विचारलं की एक तर अशी उत्तरं येतात, नाहीतर माणूस समोरच्याला खूश करायला काहीतरी सांगून मोकळा होतो. म्हणून इच्छा विचारायची नाही, घडलेलं विचारायचं.

“बरं, गेल्या जत्रेतला एक दिवस सांगा. सकाळपासून.”

“सकाळी टेम्पो येतो. पोती उतरवली की त्याला लगेच हाकलायचं, मागं दुसरा उभा असतो. मग मी आणि माझी जाऊ लागून बसतो. एकीनं वजन करायचं, एकीनं पैसे. उन्हाकडे तोंड करून बसावं लागतं. गिऱ्हाइकाच्या तोंडावर ऊन आलं तर ते थांबत नाही. आणि संध्याकाळ झाली की पहिलं प्लास्टिक. कार्तिकात दव पडतं ना. माल ओला झाला की गेला.”

आता वही भरली. जागेपर्यंत टेम्पो यायला हवा. दोघींच्या जागा लागून हव्यात, म्हणजे ‘एक अर्ज, एक जागा’ हा आपला नियम मोडायला हवा. जागेला तोंड असतं, दिशा असते, आणि नकाशावर चौकोन आखताना हे आपल्या डोक्यातही आलं नव्हतं. छप्पर बांधायला खांब रोवता येतील अशी जमीन हवी. यातली एकही गोष्ट मावशींना ‘गरज’ वाटली नव्हती. पोहणाऱ्याला पाणी ओलं असतं हे वेगळं सांगावंसं वाटत नाही, तसंच.

आणि ‘नेहमीची’ या शब्दाचा उलगडा? थोडं खोदल्यावर तोही होतो. दरवर्षी येणारं गिऱ्हाईक मावशींना नावानं नाही, जागेनं ओळखतं. वडाखालची, नळासमोरची. जागा बदलली की पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक हरवलं. ‘आधी येईल त्याला आधी’ हा नियम ज्याला न्याय वाटतो, त्याला हे दिसलेलंच नसतं.

बोलण्याखेरीज दुसरा मार्ग नुसतं बघत बसण्याचा. मैदानाच्या कडेला एक दिवस काढला तर लोक सांगत नाहीत ते दिसतं. तिसरा मार्ग जुन्या कागदांचा: पावतीपुस्तकं, वसुलीची वही, मागल्या तक्रारी. पावतीच्या मागं पेन्सिलीनं लिहिलेलं ‘नळाजवळ दोन’ हे कोणत्याही फॉर्ममध्ये नसलेलं रकाना-शीर्षक असतं. आणि चौथं काम माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: जे बैठकीला येणार नाहीत त्यांची यादी करायची. बैल बोलत नाहीत. दिंडीला जागा नको, वाट हवी. रुग्णवाहिका अर्ज करत नाही. आणि जिच्यासाठी जत्रा भरते ती खरेदीला येणारी बाई कुठल्याच सभेत नसते.

दोघांचंही खरं असतं

गोळा झालेल्या गरजा नीट मांडल्या की त्या एकमेकींशी भांडायला लागतात. जुन्या दुकानदारांना ठरलेली जागा हवी. नव्या पोरांना संधी हवी. मिठाईवाल्याला मासळीपासून लांब बसायचंय, पण गर्दीच्या वाटेवर, आणि गर्दी तर मासळीकडेच जाते. वसुली करणाऱ्याला जास्तीत जास्त चौकोन पाहिजेत. रुग्णवाहिकेला रुंद रस्ता पाहिजे, म्हणजे कमी चौकोन.

यातलं खोटं कुणीच बोलत नाही. हा पेच संगणकानं सुटत नाही, माणसांनाच सोडवावा लागतो, आणि तो कोड लिहायच्या आधी सोडवावा लागतो. नाहीतर तो सुटतोच, पण रात्री अकरा वाजता कुण्या प्रोग्रामरच्या हातून. ‘यादी अर्जाच्या वेळेनुसार लावू’ असं तो ठरवतो तेव्हा त्याला वाटतं आपण एक तांत्रिक निर्णय घेतला. खरं तर त्यानं गावचा मानपान ठरवलेला असतो.

आणखी एका प्रकारच्या गरजा या वेळी सुटून जातात. ‘जागा आरक्षित करता यावी’ हे झालं ॲपनं करायचं काम. पण ते काम कसं व्हावं? उन्हात स्क्रीन वाचता यावी. जत्रेच्या गर्दीत नेटवर्क गळपटतं, तेव्हाही पावती दाखवता यावी. एकाची माहिती दुसऱ्याला दिसू नये. पहिल्या प्रकाराला कार्यात्मक आणि दुसऱ्याला अकार्यात्मक गरजा म्हणतात. ‘अकार्यात्मक’ हा शब्द फसवा आहे, जणू त्यांचं काही काम नाही. आचाऱ्याला ‘पाचशे पानं’ सांगितली ही पहिली गरज. ‘पंगत बसायच्या वेळी भात गरम हवा’ ही दुसरी. लग्नघरात भांडण नेहमी दुसरीवरून होतं.

तारखेचंच घ्या. ‘अर्ज दरवर्षी १ नोव्हेंबरला सुरू करावेत’ असं कुणी लिहून दिलं तर वाचायला ठीक वाटतं. कार्तिकी एकादशी २०२३ मध्ये २३ नोव्हेंबरला होती, २०२४ मध्ये १२ नोव्हेंबरला आणि २०२५ मध्ये २ नोव्हेंबरला. तिसऱ्या वर्षी अर्ज सुरू होईस्तोवर दुकानं मांडून झालेली असती. गावात कुणालाही विचारा, जत्रा तिथीनं भरते. म्हणून तर कुणी सांगितलं नाही.

जेव्हा-तेव्हा, जर-तर

ऐकलेलं आता लिहायचं. या लिखाणाला धंद्यात ‘एसआरएस’ म्हणतात, म्हणजे सॉफ्टवेअरच्या गरजांचं पत्रक. ते कादंबरीसारखं रंगवायचं नसतं आणि सरकारी परिपत्रकासारखं गुंडाळायचंही नसतं. ‘ॲप सोपं असावं’, ‘लवकर चालावं’, ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ अशी वाक्यं त्यात आली की समजावं, लिहिणाऱ्याला अजून कळलेलं नाही. सोपं कुणाला? लवकर म्हणजे किती? योग्य ती म्हणजे कोणती? ज्या वाक्याची परीक्षा घेता येत नाही, ती गरज नव्हे, सदिच्छा.

रोल्स-रॉईसमध्ये विमानाच्या इंजिनाच्या नियंत्रणप्रणालीसाठी गरजा लिहिताना ॲलिस्टर मॅविन आणि त्याच्या सहकाऱ्यांना हाच त्रास झाला. त्यांनी २००९ मध्ये वाक्यांचे थोडेच साचे ठरवून दिले. काही घडलं की काय करायचं, एखादी स्थिती असेतोवर काय करत राहायचं, नको ते घडलं तर काय, अमुक सोय बसवलेली असेल तिथे काय. ‘इअर्स’ या नावानं ही पद्धत आता पुष्कळ ठिकाणी वापरतात. गंमत अशी की हे साचे मराठीच्या व्याकरणात आयतेच बसलेले आहेत. जेव्हा-तेव्हा, जोवर-तोवर, जर-तर, जिथे-तिथे. आपण शाळेत मिश्र वाक्य म्हणून घोकलेली ही जोडगोळी गरजा लिहायला फार कामाची आहे. पहिला शब्द आला की दुसरा अर्धा भाग लिहावाच लागतो, अर्धवट सोडता येत नाही.

> चौकट: सदिच्छेची गरज कशी होते
>
> *सदिच्छा:* जुन्या दुकानदारांना प्राधान्य द्यावे.
> *गरज:* जेव्हा अर्जदाराकडे मागील ३ जत्रांपैकी किमान २ जत्रांची पावती असेल, तेव्हा ॲपने त्याला मागची जागा सर्वांच्या ७ दिवस आधी देऊ करावी.
>
> *सदिच्छा:* नेटवर्क नसले तरी अडचण येऊ नये.
> *गरज:* जोवर मोबाईलला नेटवर्क नाही, तोवर शेवटची पावती ॲपमध्ये उघडता यावी.
>
> *सदिच्छा:* चुकीचे अर्ज टाळावेत.
> *गरज:* जर एकाच जागेसाठी दोघांचे पैसे भरले गेले, तर नंतरच्याचे पैसे २४ तासांत परत जावेत आणि दोघांनाही मराठीत संदेश मिळावा.
>
> *सदिच्छा:* बैलांची काळजी घ्यावी.
> *गरज:* जिथे जनरेटर लावण्याची परवानगी आहे, तिथून ठरलेल्या अंतरात बैलांसाठी जागा दाखवू नये. (अंतर किती, ते बैलवाल्यांना विचारून इथे लिहायचे. रिकामी जागा ही चूक नव्हे. ती न दिसणे ही चूक.)

ॲपला न दिसणारा चिखल

एवढं लिहून झालं तरी एक फट राहते. आपली गरज जगात असते, प्रोग्राम यंत्रात. मायकेल जॅक्सन नावाच्या ब्रिटिश संगणकतज्ज्ञानं (नाचणारा तो वेगळा) १९९५ मध्ये हा भेद फार नेमका मांडला. यंत्राला जग दिसत नाही. त्याला फक्त खुणा दिसतात: बटण दाबलं, आकडा आला, सेन्सर बदलला. ‘ही खूण दिसली म्हणजे जगात अमुक घडलंय’ हे आपण गृहीत धरतो. गृहीत खोटं ठरलं की बिनचूक प्रोग्रामही चुकीचं काम करतो.

१४ सप्टेंबर १९९३ रोजी वॉर्सा विमानतळावर लुफ्थान्साचं विमान उतरत होतं. हवेत असताना ब्रेकची काही यंत्रणा चालू झाली तर अनर्थ होईल, म्हणून विमान जमिनीवर आहे याची खात्री झाल्याशिवाय ती चालूच होणार नाही, अशी सोय केलेली होती. जमिनीवर असल्याच्या खुणा कोणत्या? दोन्ही बाजूंच्या चाकांवर पुरेसा भार येणं किंवा चाकं वेगानं फिरू लागणं. त्या दिवशी धावपट्टी पाण्यानं भरलेली, त्यात वारा. विमान एका बाजूच्या चाकावर टेकलं, दुसरी बाजू वर राहिली, आणि चाकं पाण्यावरून घसरत गेली, फिरलीच नाहीत. विमान जमिनीवर होतं आणि संगणकाच्या लेखी हवेत. सुमारे ९ सेकंद गेले. विमान धावपट्टीच्या टोकापलीकडे गेलं आणि दोन माणसं दगावली. प्रोग्रामनं सांगितलं तेच केलं होतं.

सातबाऱ्यातल्या बाराची गोष्ट

आता कल्पनेतली जत्रा सोडून साजगावच्या शिवारात उतरू. इथल्या शेतकऱ्याच्या हातात एक खरं ॲप आहे: ई-पीक पाहणी. सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२. सात सांगतो जमीन कुणाची, बारा सांगतो त्यात काय पेरलंय. बाराची नोंद पूर्वी तलाठी पीक पाहणी करून घेत असे. एका तलाठ्याकडे अनेक गावं, शेकडो तुकडे, आणि पीक उभं असण्याचे मोजके आठवडे. टाटा ट्रस्टच्या साहाय्यानं महसूल विभागानं हे ॲप तयार केलं आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू केलं. शेतकऱ्यानं आपल्या शेतात उभं राहायचं, पिकाचा फोटो काढायचा आणि पेरा स्वतः नोंदवायचा.

या ॲपच्या काही सोयी बघितल्या की त्यामागे कुणीतरी बांधावर जाऊन आल्याचं जाणवतं. एका मोबाईलवरून एकाच नव्हे, तर वीस खातेदारांची नोंदणी करता येत होती. कारण उघड आहे: घरटी स्मार्टफोन नसतो, शेजारच्या पोराकडे असतो. शेतात नेटवर्क नसलं तरी माहिती भरून ठेवायची आणि रेंजमध्ये आल्यावर पाठवायची. बांधावरच्या झाडांची नोंद वेगळी. आमच्या भागात भाताच्या बांधावर तूर आणि भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल, ही नेहमीची रीत. ‘एका शेतात एक पीक’ असं गृहीत धरणाऱ्या ॲपचं इथं काही चाललं नसतं.

तरीही १ ऑगस्ट २०२२ ला दुसरी आवृत्ती आणावी लागली, आणि तिच्यात काय काय आलं हे गरजांच्या अभ्यासकानं वाचण्यासारखं आहे. नोंद चुकली तर शेतकऱ्याला ४८ तासांत ती स्वतः दुरुस्त करता येऊ लागली. मिश्र पिकात मुख्य पिकासोबत तीन पिकं नोंदवायची सोय झाली. शेतकऱ्याची नोंद स्वयंप्रमाणित मानायची आणि तलाठ्यानं त्यांतल्या किमान १० टक्के पडताळायच्या, असं ठरलं. गावात कुणी काय नोंदवलं हे इतरांनाही बघता येऊ लागलं. चावडीवर वाचून दाखवायची जुनी पद्धतच ही, फक्त पडद्यावर आलेली. आणि गटाच्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश ॲपमध्ये घातले गेले, म्हणजे फोटो काढणारा त्या बिंदूपासून लांब असेल तर तसा संदेश दिसू लागला.

हा शेवटचा बदल वॉर्साच्या विमानाजवळ नेऊन ठेवा. गरज जगातली आहे: शेतकरी आपल्याच शेतात उभा असावा. यंत्राला दिसणारी खूण वेगळी आहे: मोबाईल एका बिंदूपासून किती अंतरावर आहे. चौकोनी शेतात दोन्ही एकच. पण डोंगरउतारावरची खाचरं लांबट आणि चिंचोळी असतात. तिथं माणूस आपल्याच भातात उभा राहूनही मध्यबिंदूपासून लांब असू शकतो. त्या आवृत्तीनं तिथं नोंद अडवण्याऐवजी नुसता संदेश दाखवणं मला शहाणपणाचं वाटतं. आपलं गृहीतक कच्चं असू शकतं, याची जाणीव त्यात आहे.

आणि मापाचं बघा. आमच्याकडे जमीन बोलण्यात गुंठ्यांत असते, सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्ये. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट, म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर. आर म्हणजे बरोबर १०० चौरस मीटर. ‘जवळपास सारखंच’ म्हणून बारा गुंठ्यांचे बारा आर कुणीही लिहून टाकेल. पण एका एकराचे ४० गुंठे आर म्हणून लिहिले, तर सुमारे ४७ चौरस मीटर हवेत गेले. खोली-स्वयंपाकघराचं एक घर त्यात बसतं. हसू येत असेल तर हे आठवा: अमेरिकेचं ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ गमावलं गेलं. एका सॉफ्टवेअरनं धक्क्याचं माप पाउंड-सेकंदांत दिलं आणि दुसऱ्यानं ते न्यूटन-सेकंदांत समजून घेतलं. विशेष म्हणजे मेट्रिक मापं वापरायची, हे तिथल्या कागदांत लिहिलेलं होतं. गरज लिहिली गेली, तपासली गेली नाही.

कागदावर घट्ट, जगात सैल

आयटीतली मंडळी ‘रिक्वायरमेंट फ्रीझ झाली’ असं म्हणतात, म्हणजे आता बदल नाही. पुढच्याच आठवड्यात क्लायंटचा बदलाचा अर्ज येतो, त्याला ‘सीआर’ म्हणायचं. यावर रागावण्यात अर्थ नाही. जग थांबत नाही. २०२४ मध्ये सरकारनं तलाठ्याचं पदनाम बदलून ‘ग्राम महसूल अधिकारी’ केलं. ज्या प्रोग्राममध्ये ‘तलाठी’ हा शब्द शंभर ठिकाणी पक्का लिहून ठेवला असेल, तिथं तो शंभर ठिकाणी शोधत बसावं लागेल. ज्यानं तो एका जागी ठेवून बाकी ठिकाणी तिथूनच घेतला असेल, त्याचं काम चहा होईस्तोवर संपेल.

म्हणून प्रत्येक गरजेला नंबर देतात आणि ती कुणी सांगितली, का सांगितली, प्रोग्रामच्या कोणत्या भागात उतरली, कोणत्या चाचणीनं तपासली, हे लिहून ठेवतात. काम कंटाळवाणं आहे. फेरफार नोंदवही जशी कंटाळवाणी असते, तसंच. पण सातबाऱ्यावर एखादं नाव कुठून आलं हे तीस वर्षांनी शोधायचं झालं की त्याच वहीचा फेरफार क्रमांक कामाला येतो. ‘दोघींच्या जागा लागून’ ही सोय कशाला ठेवलीय, असं तीन वर्षांनी एखाद्या नव्या पोरानं विचारलं आणि कुणालाच आठवलं नाही, तर तो ती काढून टाकेल.

फक्कीच्या रेघा

सगळं लिहून झालं, तरी कोड लिहायला अजून बसायचं नाही. लिहिलेलं ज्याचं त्याला दाखवायचं. पण मावशींपुढे चाळीस पानांचं पत्रक ठेवून ‘वाचा आणि सही करा’ म्हणण्यात काय मतलब? त्या सही करतील. बरेच क्लायंटही न वाचताच करतात.

त्यापेक्षा कबड्डीच्या मैदानाला मारतात ती पांढरी फक्की दोन पोती आणायची. ॲपमध्ये जसा नकाशा दिसणार आहे तसे चौकोन मैदानावरच आखायचे आणि प्रत्येकात नंबर लिहायचा. मिठाईवाला, बैलवाले, पाळणेवाला आणि मावशी, सगळ्यांना बोलवायचं, एखाद्या पोराला टेम्पो होऊन मधल्या वाटेनं चालायला लावायचं. याला प्रोटोटाइप म्हणतात, कच्चा नमुना. खर्च फक्कीचा. आणि लोक जे वाचून सांगत नाहीत, ते उभं राहून सांगतात. बैलवाला म्हणेल, पाणी कुठंय? पाळणेवाला पावलं मोजून म्हणेल, माझा पाळणा यात मावत नाही. टेम्पो झालेलं पोर कोपऱ्यावर वळताना मिठाईच्या चौकोनातून जाईल आणि सगळे हसतील.

मावशी आपल्या नंबराच्या चौकोनात जाऊन बसतील. जावेला शेजारच्या चौकोनात बसवतील. डोळ्यांवर हात धरून सूर्याकडे बघतील, आणि बसल्या जागी वळून म्हणतील, “ही रेघ पुसा. तोंड तिकडं करा.”